बातिस्तचा ठोका

वेर्न्योलच्या सभागृहात बातिस्तची माझुर्का, ती जोडीनं नाचायची चाल, सुरू झाली की बातिस्तचीच बायको उठून घरी जाते, ही गोष्ट इतकी जुनी झाली होती की गावात कुणाला तिचं नवल उरलं नव्हतं. ‘बुरे’ नावाचे जलद नाच नाचून घामाघूम झालेली माणसं दम खायला बसायची, सोलांज तूर्नाद्र व्हायोलिन छातीशी टेकवायची, आणि पहिली ओळ संपायच्या आत म्हातारी फिलोमेन कोट, काठी आणि पिशवी सावरत दाराशी पोचलेली असायची. पुढं पुढं तर ती नाचाला क्वचितच यायची. कुणी म्हणायचं, नवऱ्याची आठवण सहन होत नाही बिचारीला. कुणी म्हणायचं, कसली आठवण, गुडघे दुखतात तिचे. आमच्या या डोंगरातली माणसं दुसऱ्याच्या घरातलं कारण शोधायला जात नाहीत. एखादं कारण ठरवून टाकतात आणि आपल्या गाईंकडं वळतात.

सोलांजला मात्र ते लागलं होतं. ती दिवसा शाळेची बस चालवायची आणि उरलेल्या वेळात व्हायोलिन वाजवायची, म्हणजे गावाच्या मते उरलेल्या वेळात बस चालवायची. बातिस्त शासानला तिनं पाहिलेलं नव्हतं, तिच्या जन्माआधीच तो गेला. जे काही शिकली ते त्याच्या एकुलत्या तबकडीवरून. शहरातून एक दाढीवाला तरुण टेपरेकॉर्डर घेऊन आला होता आणि बातिस्तच्या स्वयंपाकघरात बसून त्यानं ती वादनं टिपून नेली होती. त्यातलीच ही माझुर्का. सोलांजनं ती ऐकून ऐकून तबकडी झिजवली होती. पण ती बरोबर वाजवतेय का, हे सांगणारं जगात एकच माणूस उरलं होतं, आणि ते माणूस पहिल्या ओळीलाच उठून जात होतं. शिकवणाऱ्यानं मारलं तरी चालतं एक वेळ, पाठ फिरवली तर काय करायचं माणसानं?

त्या माझुर्केत एक जागा होती. दुसऱ्या भागाच्या मध्यावर बातिस्त एका सुरावर चढायचा आणि तिथंच थांबायचा. ताल तीन मात्रांचा, पण तिथं तीनही नाहीत आणि सहाही नाहीत, सूर आपला लटकलेला. मग ‘टच्’ असा एक बारीक आवाज, आणि चाल पुन्हा खाली उतरायची. त्या आवाजाला सगळे ‘बातिस्तचा ठोका’ म्हणत. गजाची काडी तारेवर आपटून तो काढायचा असतो, असं सोलांज वर्गात शिकवायची. मनगट सैल सोडा, कोपर हलवू नका, वगैरे. तिच्याबरोबर व्हिएल हे चाक फिरवून वाजवायचं तंतुवाद्य वाजवणारा रेमी ते चाक मनगटाच्या झटक्यानं अडवून तसाच आवाज काढायचा. अकॉर्डियनवाले बटणावर नख मारत. त्या ठोक्यावर एका विद्वानानं मोठा लेख लिहिला होता, त्यात पोलंडहून आलेले सैनिक होते आणि विरहही होता. उन्हाळ्यात बेल्जियमहून माणसं यायची, तंबू ठोकायची आणि आठवडाभर ठोका घोटायची. आणि नाचणारे? लटकलेल्या सुरावर जोडपी डोळे मिटून एका पायावर उभी राहत. ठोका पडला की पुढचं पाऊल. सगळ्या देशात असंच नाचत होते.

त्या वर्षी बातिस्तची शंभरावी जयंती आली. महापौरबाईंनी ऑक्टोबरातला एक रविवार ठरवला, गुरं वरच्या कुरणांतून खाली उतरून झाल्यावरचा, आणि त्या स्वतः फिलोमेनकडं आमंत्रण घेऊन गेल्या. फिलोमेन म्हणाली, “येईन की. केक असेल ना? पण ती माझुर्का सुरू झाली की मी जाणार. आधीच सांगून ठेवते.”

हे कळल्यावर सोलांजचं जेवणावरचं लक्ष उडालं. ज्याची जयंती त्याची चाल, आणि त्याची बायको भर सभेत पहिल्या रांगेतून उठून जाणार. बेल्जियमची बस येणार होती ती वेगळीच.

शाळा सुटायची वाट बघत ती बसमध्ये बसली होती, कानांत तेच वादन, तबकडीवरून फोनवर उतरवून घेतलेलं. तीच ती जागा तिनं पुन्हा ऐकली. परत मागं नेऊन ऐकली. आणि एकदम ताठ बसली. इतकी वर्षं ही गोष्ट आपल्या लक्षात कशी आली नाही, म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

संध्याकाळी ती थेट रेमीच्या गॅरेजात गेली. रेमी ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. अर्धा ट्रॅक्टरखाली आणि अर्धा बाहेर असा पडलेला होता.

“रेमी, बाहेर ये. बातिस्त ठोका मारतच नाही.”

“अरे देवा,” ट्रॅक्टरखालून आवाज आला. “मग मी पंधरा वर्षं काय मारतोय?”

“नीट ऐक. आपण ठोका मारताना सूर तुटतो. तुटणारच, गज तारेवरून उचलल्याशिवाय काडी आपटता येत नाही. त्याचा सूर तुटत नाही. गज चालूच आहे, आणि टच् त्याच्यावरून होतं.”

रेमी हात पुसत बाहेर आला. त्यानं ऐकलं. पुन्हा ऐकलं. “हो की गं. मग पाय आपटला असेल.”

“पायाचा आवाज असा ओला नसतो.”

“ओला?”

“ओलाच आहे. ऐक ना. एक हात गजावर, एक हात तारांवर. तिसरा हात आणला कुठून म्हाताऱ्यानं?”

“शासानांच्या घरात काहीही होऊ शकतं,” रेमी म्हणाला. “हे बघ सोलांज, मासा फडफडला असेल, मांजर शिंकलं असेल. रविवार तोंडावर आलाय. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या बेल्जियमवाल्यांना सांगणारेस का, की बाबांनो, तुम्ही पैसे भरून मांजराची शिंक शिकलात?”

पण सोलांजच्या डोक्यात किडा शिरला होता. दुसऱ्या दिवशी तिनं रानातल्या अळंब्या टोपलीभर गोळा केल्या आणि फिलोमेनच्या दारात जाऊन उभी राहिली. रिकाम्या हातानं प्रश्न विचारायला जाणं आमच्याकडं बरं दिसत नाही.

“कोण गं? तूर्नाद्रांची का? ये, आत ये, दार लाव. गारठा आत घेऊ नकोस.”

फिलोमेन टेबलाशी पालेभाजी चिरत होती, शेजारी सुक्या आलुबुखारांची वाटी. त्यांची पाऊंती, तो इथला खारा केक, करायचा बेत दिसत होता. गावात लहानथोर तिला मेमे म्हणत, म्हणजे आजी. तिनं अळंब्या हुंगल्या, एक उलटी करून पाहिली, म्हणाली, “बऱ्या आहेत. कुठल्या रानातल्या, हे तू सांगणार नाहीस आणि मी विचारणार नाही. काय काम काढलंस?”

“मेमे, ती तबकडी भरली तेव्हा स्वयंपाकघरात कोण कोण होतं?”

सुरी थांबली. मग पुन्हा चालू लागली, जरा जोरात.

“मी नव्हते. मी बेस गावच्या बाजाराला गेले होते, वासरू विकायला. दाढीवाला न सांगता टपकला. का?”

“त्या माझुर्केत एक आवाज आहे. आम्ही त्याला ठोका म्हणतो. मला वाटतं तो व्हायोलिनचा नाहीच.”

फिलोमेननं सुरी खाली ठेवली. पदराला पुसावेत तसे एप्रनला हात पुसले आणि सोलांजकडं, बहुधा पहिल्यांदाच, नीट बघितलं.

“इतक्या वर्षांत हे तुला एकटीला सुचलं होय? बाकीचे काय कानात लोकर घालून वाजवतात?” ती खुर्चीत मागं टेकली. “बातिस्त तो सूर का लटकवायचा, माहितीय तुला?”

“विरह...” सोलांज चाचरत म्हणाली.

“विरह! कुणाचा? अगं, आमच्या वेळी माझुर्का धान्याच्या कोठारात व्हायची. बातिस्त टेबलावर उभा राहून वाजवायचा. तो सूर लटकला की ज्यानं त्यानं आपल्या जोडीदाराचा मुका घ्यायचा. शेवटच्या जोडीचा होईस्तोवर सूर खाली उतरत नसे. एखादं लाजरं पोरगं असलं की याला ऊत यायचा. गज मागं, गज पुढं, मागं, पुढं, आणि सगळं कोठार त्या पोराकडं बघतंय. कितीतरी लग्नं जमवली त्यानं तशी. आमचं पण त्यातच आलं.”

एका पायावर डोळे मिटून उभी राहणारी ती सगळी गंभीर माणसं सोलांजच्या डोळ्यांसमोर आली.

“मग तो ठोका...”

“मुका आहे तो.”

सोलांजच्या घशात हसू फुटायला आलं. मनगट सैल सोडा! कोपर हलवू नका! पण म्हातारीचा चेहरा बघून ते तिथंच विरलं.

“तुमचा?”

“मी बाजारात होते, म्हटलं ना.” फिलोमेननं खिडकीकडं मान उडवली. गल्लीच्या पलीकडं लेओंतीनचं घर होतं, निळ्या झडपांचं. “तिचा. बटाटे निवडायला आली होती म्हणे. लेओंतीनचा मुका मी हजारांत ओळखेन. वासराचा घेते, पावाचा घेते, पाद्रीबुवांनासुद्धा सोडलं नव्हतं एकदा. दोन्ही ओठ आत घेऊन टच्. दुसऱ्या कुणाचा येत नाही तसा.”

गावाला माहीत होतं ते एवढंच, की फिलोमेन आणि लेओंतीन लहानपणी एका ताटात जेवायच्या आणि पुढं एका कोंबडीवरून त्यांचं बोलणं बंद झालं.

“तुम्ही त्यांना कधी विचारलं नाहीत?”

“कुणाला विचारू? तबकडी टपालानं आली तेव्हा तो मातीखाली जाऊन एक हिवाळा झाला होता. इतक्या हौसेनं लावली गं मी. म्हटलं, चला, आवाज तरी राहिला माणसाचा. आणि त्याच्यात हे.” तिनं आलुबुखारांची वाटी उगाच इकडची तिकडं केली. “आणि लेओंतीनला विचारायचं, तर ती खोटं बोलली असती तर मला राग आला असता. खरं बोलली असती तर मी काय करणार होते? म्हणून कोंबडीवरून भांडले. कोंबडीवरून भांडण करणं सोपं.”

चुलीवर किटली कुरकुरत होती.

“बरं, तेही गिळलं असतं मी,” फिलोमेन पुन्हा पेटली. “पण तुम्ही लोक! माझ्या घरात, माझ्या नवऱ्याला, दुसरीनं दिलेला मुका सगळा देश तालावर वाजवतोय. वर्ग चालवता त्याचे! परदेशातून माणसं येतात शिकायला! मी तिथं पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवू?”

सोलांजला इतकी लाज वाटली की खुर्ची टोचू लागली. “मेमे, रविवारी मी तो आवाज काढणार नाही. रेमीलाही काढू देणार नाही. मग थांबाल?”

“बघू,” फिलोमेन म्हणाली आणि भाजी चिरायला लागली. आमच्या डोंगरात ‘बघू’ म्हणजे ‘नाही’ असंच धरून चालायचं असतं.

सोलांजनं हे कुणालाही सांगितलं नाही. रेमीला एवढंच म्हणाली, “रविवारी ठोका नाही.”

“शुद्धीवर आहेस ना? त्या ठोक्यासाठी तर येतात लोक!”

“नाही म्हणजे नाही. मी सूर धरते, मग मीच खाली येते, तू माझ्यामागून ये.”

“आणि कारण?”

“मांजर शिंकलं होतं असं समज.”

रविवारी दुपारी सभागृह गच्च भरलं. आरशासारख्या पुसलेल्या फरशीवर पहिल्या दहा मिनिटांतच चिखल झाला. बेल्जियमवाले मऊ तळव्यांचे खास नाचाचे जोडे घालून आले होते आणि आमचे म्हातारे त्यांच्याकडं बघून एकमेकांना कोपरं मारत होते. महापौरबाई बोलल्या, मग आणखी बोलल्या. पहिल्या रांगेत मधोमध फिलोमेन, काळा कोट अंगातच, पिशवी मांडीवर. दाराजवळच्या शेगडीशी लेओंतीन बसली होती, दोन शालींत गुंडाळलेली, ताटलीत केकचे दोन तुकडे. दोघींच्या मध्ये सगळं सभागृह होतं, आणि ते तसंच ठेवायची गावाला सवय होती.

बुरेचे नाच झाले. एक वॉल्ट्झ झाला. मग रेमीनं चाक हळूहळू फिरवून सूर धरला आणि सोलांजनं माझुर्का सुरू केली.

ती तबकडीकडं पाठ करून वाजवत होती म्हणा ना. कोठार डोळ्यांसमोर आणलं, टेबल आणलं. चाल थोडी चढी घेतली. पहिली ओळ संपली आणि तिनं डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. काळा कोट जागेवर होता. दुसरी ओळ. कोट जागेवर. तिच्या छातीत धडधडायला लागलं, व्हायोलिन छातीशीच टेकलेलं असल्यामुळं ते व्हायोलिनलाही कळलं असेल. दुसरा भाग सुरू झाला, सूर चढला आणि ती त्या जागेवर येऊन थांबली.

जोडप्यांनी डोळे मिटले, एकेक पाय उचलला. ठोक्याची वाट बघू लागली.

ठोका आला नाही.

आता खाली उतरायचं, असं सोलांजनं ठरवलेलं होतं. तेवढ्यात फिलोमेन उठली. पिशवी खांद्याला, काठी हातात, ती दाराकडं चालायला लागली.

ठोका नाही, काही नाही, तरीही चालली. आता वाजवायचं तरी कुणासाठी? पण सूर सोडला तर म्हातारीला मागं टाकून चाल पुढं निघून जाणार. सोलांजला सूर सोडवेना. गज मागं, गज पुढं. रेमीनं डोळे मोठे करून तिच्याकडं बघितलं, पण चाक फिरवत राहिला. नाचणारे एका पायावर डुलायला लागले. कुणीतरी डोळा उघडून पाहिलं. एक बेल्जियन गृहस्थ तोल जाऊन बायकोच्या पायावर उतरले. काठीची टकटक सभागृहाच्या मधून, त्या लटकलेल्या जोडप्यांच्या मधून, दाराकडं जात होती.

आणि शेगडीशी थांबली.

फिलोमेन वाकली. लेओंतीननं घाबरून केकची ताटली छातीशी धरली. फिलोमेननं तिचं डोकं एका हातानं धरलं आणि गालावर असा खणखणीत मुका दिला की तो मागच्या भिंतीपर्यंत ऐकू गेला.

आवाज आला तसं सगळं सभागृह पुढचं पाऊल टाकून मोकळं झालं. त्यांना तो ठोकाच वाटला. काय करतील बिचारे, तेवढ्याचीच तर वाट बघत होते! सोलांजनं कशीबशी चाल पकडली आणि खाली उतरली. तिला समोरचं नीट दिसत नव्हतं.

शेगडीशी काय बोलणं झालं ते तिला नंतर तिथं बसलेल्यांनी सांगितलं. प्रत्येकानं वेगळं सांगितलं, पण एवढं सगळ्यांचं जुळत होतं.

“हे काय गं?” लेओंतीन म्हणाली.

“तुझं तुला. पन्नास वर्षं माझ्या घरात पडून होतं. फिट्टंफाट.”

लेओंतीननं ताटली मांडीवर ठेवली. मग म्हणाली, “मला वाटलं, तुला कळलंच नाही.”

“बहिरी होते का मी? कुठं दिला होतास? खरं सांग.”

“टकलावर. मेला सूरच सोडेना. माझे बटाटे करपत होते. तो दाढीवाला काही उठून मुका देणार नव्हता, मग मीच उठले.”

“खोटं बोलतेस.”

“असेल खोटं. बस आता, केक खा. पुढचं ऐकू दे.”

फिलोमेन बसली. लेओंतीननं शालीचं एक टोक तिच्या गुडघ्यांवर टाकलं. माझुर्का संपेपर्यंत दोघी बसून होत्या, आणि काठीवर फिलोमेनचं बोट तीन मात्रा मोजत होतं, हे सोलांजनं स्वतः पाहिलं.

वाजवून झाल्यावर ती व्हायोलिन हातात तसंच घेऊन शेगडीपाशी गेली. विचारायचं पुष्कळ होतं. फिलोमेनच्या ओठाला केकचा चुरा लागला होता आणि डोळे लाल दिसत होते.

“तबकडी मी नेहमी त्या मुक्यापाशी बंद करायचे,” ती म्हणाली. “बातिस्त गेल्यापासून त्याच्या पुढचं मी ऐकलंच नव्हतं. आज ऐकलं.”

“मग?” सोलांजनं विचारलं.

“साफ चुकलंय. शेवट तो असा रडत नेत नसे. तिथं तो हसत असायचा, म्हणून गज घसरायचा त्याचा. तू ते घसरणंसुद्धा पाठ केलंयस, आणि हसणं ठेवलंस बाहेर. उद्या बस लावून झाली की ये माझ्याकडं. आणि अळंब्या आण.”

“शाबास,” लेओंतीन म्हणाली, “पोरगी जीव तोडून वाजवते आणि ही बघा.”

“तू मध्ये बोलू नकोस,” फिलोमेन म्हणाली.

सोलांजला आयुष्यात इतकं चांगलं कुणी काही बोललं नव्हतं.